टाचेची कळ आणि पायातील जोडा

सकाळी अंथरुणावरून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताना आपल्या टाचेत कधी कळ उठली आहे काय? उठली असेल, तर आजचे हे चार शब्द आपल्यासाठीच आहेत. उठली नसेल, तरीही ते वाचावेत अशी विनंती आहे; कारण आपल्याच घरात कोणीतरी ही कळ मुकाट्याने सोसत असण्याचा पुष्कळ संभव आहे. पायाच्या दुखण्यासाठी सहसा कोणी रजा घेत नाही, समाचाराला कोणी येत नाही, आणि ज्याला ते सोसावे लागते तो ‘आता वय झाले’ एवढे म्हणून पुन्हा कामाला लागतो.

गेल्या दिवाळीत भिलाईला थोरल्या बंधूंकडे गेलो असता हे दुखणे मी जवळून पाहिले. पहाटे चहासाठी स्वयंपाकघराकडे निघालेल्या वहिनी भिंतीचा आधार घेत, टाच उचलून, चवड्यावर भार देत, निखाऱ्यांवरून चालावे तशा चालत होत्या. दहा-बारा पावलांनंतर चाल सुधारली. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "काही नाही हो भाऊजी. दोन वर्षं झाली असतील. सकाळची चार पावलं जड जातात, मग पाय मोकळा होतो. संध्याकाळी पुन्हा ठणकतो, एवढंच."

दाराशी पादत्राणांची फळी होती. दादांना निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी कारखान्यातील त्यांचे जाड तळाचे बूट पुसून, पॉलिश करून ठेवलेले होते. शेजारी वहिनींच्या रबरी सपाता होत्या. टाचेखाली त्या झिजून पापडासारख्या पातळ झाल्या होत्या. घरातील दोन माणसांच्या पावलांची काळजी किती वेगवेगळ्या मापाने घेतली जाते, हे त्या फळीवर सरळ दिसत होते.

रुळाचे पाऊल

भिलाई मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूर आणि रायपूर यांच्या दरम्यान आहे. येथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वेळी मध्य प्रदेशात असलेला हा भाग २००० सालापासून छत्तीसगड राज्यात आहे. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली, सेक्टरांतील क्वार्टरांमध्ये राहिली आणि येथलीच झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

भिलाईची खरी ओळख म्हणजे रेल्वेचे रूळ. दादांचे बहुतेक आयुष्य त्याच विभागात गेले. फराळाच्या वेळी ते मुलांना रुळाची रचना समजावून सांगत होते. रुळाला डोके असते, मधला उभा भाग असतो आणि खाली पाऊल असते. कारखान्यात त्याला ‘फूट’ असेच म्हणतात. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे डोके सुमारे ७२ मिलिमीटर रुंद असते, तर पाऊल १५० मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक रुंद. गाडीचा भार एकाच जागी न पडता पसरावा, हा त्यातील हेतू. एवढ्यानेही अभियंत्यांचे समाधान होत नाही. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ तसाच ठेवीत नाहीत. दोहोंच्या मध्ये रबराची खाचदार पट्टी घालतात, आणि तिला ‘सोल प्लेट’ म्हणतात.

फराळाची ताटे उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, "म्हणजे रुळाच्या तळव्यालासुद्धा रबर लागतं! मग पुढचा जन्म रुळाचाच घ्यायला हवा." सारे हसले. दादाही हसले, पण त्यानंतर बराच वेळ ते गप्प होते.

कळ कशाने येते?

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. ही हाडे एका कमानीसारखी रचलेली असतात. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळाशी जाणारा एक जाड, चिवट पट्टा ही कमान खालून ताणून धरतो. धनुष्याला जशी प्रत्यंचा, तसा हा पट्टा. चालताना टाच उचलली जाते व बोटे वर वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळला जावा त्याप्रमाणे हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होते. इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही क्रिया प्रथम स्पष्ट केली आणि तिला रहाटाचीच उपमा दिली.

दिवसात आपण काही हजार पावले टाकतो. प्रत्येक पावलाला या पट्ट्यावर ताण येतो. तो सोसण्याच्या शक्तीबाहेर गेला की पट्टा टाचेच्या हाडाला जेथे चिकटलेला असतो, तेथे दुखापत होऊ लागते. रात्री पाऊल सैल पडून खाली झुकलेले असते आणि पट्टा आखडून राहतो. सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. डॉक्टर या विकाराला ‘प्लांटर फॅसिआयटिस’ म्हणतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या टाचदुखीचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

कठीण फरशीवर तासन्‌तास उभे राहणारे, ज्यांचे वजन वाढले आहे, ज्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या आहेत, अशांना हा विकार अधिक होतो. या यादीत कारखान्यातील कामगार, शिक्षक, परिचारिका, बसवाहक आणि पोलीस ही नावे आपल्याला सहज सुचतात. गृहिणीचे नाव मात्र सुचत नाही. पूर्वी स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटाही जमिनीवर. त्या पद्धतीत कंबरेला आणि गुडघ्यांना त्रास होता, पण पावलांना विश्रांती होती. उभ्याचा ओटा आला आणि धुरापासून, वाकण्यापासून सुटका झाली, ही मोठीच सोय झाली. तथापि त्याबरोबर गृहिणी दिवसाचे कित्येक तास, बहुधा अनवाणी, दगडी किंवा सिमेंटच्या फरशीवर उभी राहू लागली. कारखान्यातील पाळी आठ तासांनी संपते. ओट्यापुढची पाळी किती तासांची, याचा हिशेब कोणी मांडला आहे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्ष-किरणाच्या छायाचित्रात टाचेच्या हाडाला काट्यासारखी वाढ दिसली, की अनेकजण घाबरतात आणि काटा टोचतो म्हणूनच दुखते असे समजतात. परंतु असा काटा असूनही ज्यांची टाच कधी दुखली नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून केवळ त्या काट्याला भिऊन शस्त्रक्रियेचा विचार करू नये. दहापैकी आठ-नऊ रुग्णांना सुमारे वर्षभरात साध्या उपायांनीच आराम पडतो. त्या साध्या उपायांत योग्य जोड्याचे स्थान वरचे आहे.

जोडा कोठे चुकतो?

आपल्याकडे ‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी म्हण आहे. ती माणसांना उद्देशून वापरली गेली आणि तिने माणसांचा अपमानच केला. पण वहाणेविषयीची आपली दृष्टीही तीत उघड होते. जोडा ही हलकी वस्तू, ती उंबऱ्याबाहेर राहावी, तिच्याविषयी बोलू नये, असा आपला संस्कार. जो चर्मकार आपल्या पावलाचे माप जाणत होता, त्याच्या विद्येचाही आपण मान राखला नाही. परिणाम असा झाला की चष्मा करताना डोळे तपासणारे आपण, जोडा घेताना केवळ एक आकडा सांगतो.

हा आकडा काय सांगतो? ज्याला आपण सात, आठ, नऊ असे नंबर म्हणतो ती इंग्लिश पद्धती होय. तीत प्रत्येक नंबर एकतृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो. ज्या जोड्यांवर ३८, ४० असे आकडे असतात ती युरोपातील पद्धती. तीत प्रत्येक अंक दोनतृतीयांश सेंटिमीटरने वाढतो. दोन्ही आकडे केवळ लांबी सांगतात. पाऊल किती रुंद आहे, कमान किती उंच आहे, हे त्यांत येत नाही. शिवाय ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फर्म्यावर जोडा बेतला जातो तो प्रत्येक कारखान्याचा निराळा असतो. म्हणून एका ठिकाणचा सात नंबर दुसऱ्या ठिकाणच्या सात नंबराशी जुळेलच असे नाही.

आपल्या देशातील पावलांचा प्रश्न आणखी एक आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली. भारतीयांची पावले सामान्यतः युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा रुंद असतात, असे त्यात आढळून आले. रुंद पाऊल अरुंद जोड्यात बसत नाही, तेव्हा माणूस एक-दोन नंबर मोठा जोडा घेतो. मग चवडा कसाबसा मावतो, पण टाच मागे सैल राहते, जोड्याची कमान पावलाच्या कमानीखाली येत नाही, आणि प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरतो. या मोजणीवरून ‘भा’ या नावाची भारतीय मापांची पद्धती सुचविण्यात आली आहे.

ही चूक आपल्याच देशात होते असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ साली या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. पाहणी केलेल्या लोकांपैकी ६३ ते ७२ टक्क्यांच्या पायांतील जोडे लांबीला किंवा रुंदीला चुकीचे होते, आणि असे जोडे व पायाचे दुखणे यांचा संबंध आहे, असे त्यांना दिसून आले.

कागदावरचे पाऊल

त्या दिवशी संध्याकाळी दादांनी वर्तमानपत्राचा कागद आणि पेन्सिल मागितली. कागद फरशीवर अंथरून त्यांनी वहिनींना त्यावर उभे राहावयास सांगितले आणि स्वतः गुडघे टेकून खाली बसले. वहिनी एकदम मागे सरल्या. "अहो, हे काय करता! पायाला हात नका लावू." दादा म्हणाले, "पस्तीस वर्षं रुळांची पावलं मोजली. या घरातलं पाऊल एकदाही मोजलं नाही. उभी राहा." वहिनी उभ्या राहिल्या, पण त्यांची नजर खिडकीबाहेर होती आणि पदर डोळ्यांशी गेला होता.

पावलाच्या आकाराचा कागद कापून सपातेवर ठेवला, तेव्हा दोन्ही बाजूंनी तो बोटभर बाहेर आला. डावे पाऊल उजव्यापेक्षा थोडे लांब निघाले. लग्नानंतर वहिनींनी जो नंबर एकदा घेतला, तोच त्या जन्मभर घेत आल्या होत्या. वयाबरोबर, वजनाबरोबर आणि बाळंतपणानंतर पाऊल थोडे पसरते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

हे माप आपणही घरी घेऊ शकता. ते संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन घ्यावे. पेन्सिल अगदी उभी धरावी. तिरकी धरल्यास माप चुकते. दोन्ही पावले काढावीत आणि मोठ्या पावलाप्रमाणे जोडा घ्यावा. कापलेला कागद जोड्यात सरकवून पाहावा. त्याच्या कडा दुमडल्या तर तो जोडा आपल्यासाठी अरुंद आहे असे निश्चित समजावे. गावी असलेल्या आईसाठी किंवा बाजारात न जाऊ शकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी जोडा आणावयाचा असेल, तर आकडा विचारण्यापेक्षा असा कागद मागवून घ्यावा.

दुकानात काय पाहावे?

कागद बरोबर घेऊन आम्ही बाजारात गेलो. पहिल्या दुकानात सुंदर, नाजूक पट्ट्यांची चप्पल पुढे आली आणि "वापरून सैल होईल" असे आश्वासनही मिळाले. हे आश्वासन कधीही स्वीकारू नये. चावणारा जोडा सैल होण्यापूर्वी पाऊल बिघडते. जोडा पहिल्याच दिवशी सुखकर वाटला पाहिजे.

उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी असावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. चवड्याचा सर्वांत रुंद भाग जोड्याच्या सर्वांत रुंद भागातच यावा. बोटे आत हलवता यावीत, पण चालताना टाच निसटू नये. टाचेला मागून धरणारा पट्टा असावा. नुसत्या सपातेत ती निसटू नये म्हणून बोटे सतत आखडून धरावी लागतात.

नंतर जोडा हातात घेऊन तीन परीक्षा कराव्यात. पहिली, त्याला पुढून-मागून दाबून वाकवावे. बोटांच्या मुळाशी तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर कमानीला आधार देण्याची शक्ती त्यात नाही. दुसरी, ओले फडके पिळावे तसा त्याला पीळ देऊन पाहावा. सहज पिळला गेला तर तो ठेवून द्यावा. तिसरी परीक्षा मागून बंद असलेल्या बुटाची: टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबावा, तो ताठ असावा. याशिवाय तळ जाड पण मऊ असावा आणि टाच चवड्यापेक्षा किंचित, साधारण दोन सेंटिमीटर, उंच असावी. अगदी सपाट तळ आणि फार उंच टाच, दोन्ही दुखऱ्या पायाला प्रतिकूल आहेत. शेवटी जोडा घालून दुकानातील कठीण फरशीवर चार फेऱ्या माराव्यात. गालिच्यावर कोणताही जोडा मऊच वाटतो.

आपली कोल्हापुरी चप्पल ही महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची अभिमानाची वस्तू आहे. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. निरोगी पावलाने ती आनंदाने वापरावी. टाच दुखत असेल त्या काळात मात्र तिचा कठीण, सपाट तळ बाजूला ठेवणे हितावह, किंवा कोपऱ्यावरच्या मोच्याकडून टाचेखाली मऊ गादी बसवून घ्यावी. चांगला मोची पायाचा खरा मित्र आहे. जोड्याची टाच एका बाजूने झिजली की चाल तिरकी होते. ती वेळीच सरळ करून घेणे थोड्या पैशांचे काम आहे.

पायाच्या मापाने घडविलेल्या महाग गाद्यांविषयी आजकाल पुष्कळ जाहिराती असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात टाचदुखीच्या १३५ रुग्णांना निरनिराळ्या गाद्या देऊन वर्षभर पाहिले. मापाने केलेली गादी आणि तयार मिळणारी घट्ट गादी यांच्यात विशेष फरक पडला नाही. पहिल्या काही महिन्यांत दोहोंचा थोडा लाभ झाला. तेव्हा प्रथम चांगला जोडा, त्यात हवी तर तयार गादी, आणि तेवढ्याने भागले नाही तरच पुढचा खर्च, हा क्रम शहाणपणाचा आहे.

कारखान्यात काम करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सुरक्षा-बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे असे मानक आहे. २० किलोची वस्तू सुमारे एक मीटर उंचीवरून पडावी तेवढा हा आघात होय. इतकी मजबूत टोपी वापरून कधीही सैल होणार नाही. म्हणून असे बूट स्वीकारताना मोजे घालून, उभे राहून, चालून पाहावेत आणि अरुंद वाटल्यास लगेच बदलून मागावेत. दुखतात म्हणून ते काढून काम करणे हा उपाय नव्हे.

घरातील पावले

बाहेरचा जोडा चांगला घेतला, पण दिवसाचे बहुतेक तास घरात अनवाणी गेले, तर लाभ अर्धाच होतो. स्वयंपाकघरात वहाण घालणे अनेक घरांत रुचत नाही आणि त्या भावनेचा मान राखला पाहिजे. त्यावर तोड अशी की घरासाठी एक वेगळा, धुता येणारा, कधीही उंबऱ्याबाहेर न जाणारा जोडा ठेवावा. त्याला बाहेरची धूळ लागत नाही, मग त्याचा विटाळ कशाचा? तेही मान्य नसेल, तर ओट्यापुढे जाड चटई किंवा घडी घातलेली सतरंजी अंथरावी. ती सरकणार नाही अशी मात्र पाहावी. भाजी निवडणे, कणीक मळणे, लसूण सोलणे ही कामे खुर्चीवर बसून करावीत. बसून काम करणे म्हणजे आळस, ही समजूत घरातील इतरांनी सोडावी.

जोड्याच्या जोडीला व्यायाम हवाच. सकाळी पाऊल खाली ठेवण्यापूर्वी अंथरुणावरच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पायाची बोटे आपल्याकडे ओढून तळव्याचा पट्टा ताणावा, दहा अंक मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ठेवून, त्याची टाच न उचलता पोटरी ताणावी. वजन वाढले असल्यास ते हळूहळू कमी करावे. फळ यायला आठवडे, कधी महिने लागतात. धीर सोडू नये.

काही दुखण्यांत मात्र जोड्यावर विसंबून राहू नये. पायाला सूज, लाली किंवा ताप असेल, मार लागल्यानंतर दुखत असेल, रात्री विश्रांतीतही ठणका राहत असेल, मुंग्या येत असतील, किंवा इतर सांधेही सकाळी बराच वेळ आखडत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. त्यांच्या बाबतीत धोका दुखण्याचा नसून न दुखण्याचा असतो. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. पावलांची संवेदना गेलेली असते, त्यामुळे एकाच जागी पुनःपुन्हा पडणारा दाब त्यांना कळत नाही आणि जखमा होतात, हे त्यांनी ओळखले. त्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणे वापरात आणली. ‘एमसीआर’ चप्पल या नावाने तसली चप्पल आज मधुमेहाच्या रुग्णांनाही दिली जाते. अशा रुग्णांनी रोज तळवे पाहावेत आणि जोड्यात पाय घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना, याची खात्री करावी. दुखणे हा पावलाचा पहारेकरी आहे. ज्यांचा पहारेकरी जागा आहे त्यांनी त्याची हाक ऐकावी.

तिसऱ्या दुकानात वहिनींना मनाजोगा जोडा मिळाला: पुढे रुंद, मागे पट्टा, तळ जाड. दिसायला तो काही सुंदर नव्हता. "लग्नाला कशी घालून जाऊ?" असे त्यांनी विचारलेही. लग्नासाठी जुनी चप्पल राहू द्यावी आणि रोजच्यासाठी ही घ्यावी, असे ठरले. तीन आठवड्यांनी दूरध्वनीवर विचारले, तेव्हा कळ कमी झाली होती, गेली नव्हती. होळीच्या सुमारास मात्र त्यांनी आपण होऊन सांगितले की नातवंडांबरोबर मैत्रीबागेत त्या सारी फेरी चालल्या, मध्ये एकदाही बसल्या नाहीत. सकाळचे पहिले पाऊल अजून कधी कधी आठवण करून देते. पण भिंतीचा आधार सुटला आहे.

भाद्रपदात आपल्या घरी गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने त्यांची पावले काढतात. नवी सून घरात येते तेव्हा तिची कुंकवाची पावले आपण कौतुकाने पाहतो. त्यानंतर तीच पावले वर्षानुवर्षे त्या घरात फिरतात, ओट्यापुढे उभी राहतात, झिजतात. आणि त्यांच्याकडे पुन्हा कोणाचे लक्ष जात नाही. आज संध्याकाळी एक कागद आणि एक पेन्सिल घेऊन आपल्या घरातील त्या पावलांचे माप घ्यावे, एवढीच विनंती. संकोच होईल; तो थोडा वेळच टिकतो.